नावेचा माग : तुलना कशाची कशाशी?

तळ्यातून बदक पोहत असो, खाडीतून होडी जात असो किंवा बंदरातून मोठे जहाज बाहेर पडत असो, त्यांच्या मागे पाण्यावर लाटांचा एक पंखा पसरत जाताना आपल्याला दिसतो. इंग्रजीत याला 'वेक' म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य असा शब्द नाही, म्हणून या लेखापुरते आपण त्याला 'नावेचा माग' म्हणू.

हा माग फुकट उमटत नाही. शांत पाण्याचा काही भाग वर उचलायचा, काही खाली दाबायचा तर ऊर्जा लागते. ती इंजिनाकडून येते, वल्हवणाऱ्याच्या दंडांतून येते किंवा काठावरून नाव ओढणाऱ्या घोड्याकडून येते. नावेने पाण्याला किती ऊर्जा देऊन टाकली याचा पाण्यावर मांडलेला हिशेबच म्हणजे हा माग. साहजिकच जहाजे बांधणाऱ्यांनी गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे हा माग लहान कसा होईल याचाच विचार केला.

आणि मग एक असा खेळ आला की, ज्याला माग मोठाच हवा होता. नावेमागे दोरीला धरून पाण्यावर घसरत जाण्याची कल्पना अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने १९२२ साली लेक पेपिन या सरोवरावर प्रत्यक्षात आणली. पायांत दोन फळ्या बांधून खेळायच्या या 'वॉटर स्कीइंग'ला पाणी सपाट लागते. लाट म्हणजे अडथळा. परंतु १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात टोनी फिन याने 'स्कर्फर' नावाची एकच रुंद फळी बाजारात आणली आणि तिच्यातून पुढे 'वेकबोर्डिंग' हा खेळ विकसित झाला. यात खेळाडू नावेच्या मागावर चढतो आणि त्याचा उतरणीसारखा उपयोग करून हवेत झेप घेतो. 'वेकसर्फिंग'मध्ये तर काही वेळाने दोरीही सोडून देतात आणि खेळाडू नुसता लाटेवर स्वार होऊन नावेमागून जात राहतो. या खेळांसाठी मुद्दाम मोठा माग उमटवणाऱ्या नावा बांधल्या जाऊ लागल्या.

आता दोन प्रकारची माणसे एकच प्रश्न विचारू लागली. खेळाडू विचारतो, कोणत्या नावेचा माग सर्वांत चांगला? सरोवराच्या काठी राहणारा विचारतो, कोणत्या नावेची लाट माझा काठ खाते? दोघांनाही तुलनाच हवी आहे. वरवर पाहता ती सोपी वाटते. दोन नावा आणाव्यात, पाण्यात चालवाव्यात, लाटा मोजाव्यात! पण किती वेगाने चालवायच्या? किती वजन भरून? किती खोल पाण्यात? किती अंतरावरून मोजायच्या? हे ठरल्याशिवाय दोन मागांच्या तुलनेला काही अर्थच राहत नाही, आणि नेमके हेच शिकायला विज्ञानाला बराच काळ लागला. त्याची हकिगत उद्बोधक आहे.

बुजलेला घोडा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मालाची व प्रवाशांची पुष्कळ वाहतूक कालव्यांतून होत असे. काठावरून घोडे चालत आणि दोराने नाव ओढत. स्कॉटलंडमधील एका कालव्यावर १८३० च्या सुमारास घडलेला एक प्रसंग जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने नोंदवून ठेवला आहे. विल्यम ह्यूस्टन नावाच्या गृहस्थाच्या नावेचा घोडा बुजला आणि नावेसकट उधळला. वेग वाढला तशी ओढ वाढायला हवी होती. पण एका मर्यादेपलीकडे उलटेच झाले. नावेमागची काठावर आदळणारी लाट नाहीशी झाली आणि नाव ओढायला हलकी झाली! ह्यूस्टनने याचा फायदा घेऊन जलद प्रवासी नावा सुरू केल्या.

या कोड्याचा अभ्यास करत असताना ऑगस्ट १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर रसेलने ते प्रसिद्ध दृश्य पाहिले. दोन घोडे ओढत असलेली नाव एकाएकी थांबली. पण तिने ढकललेले पाणी थांबले नाही. त्याचा एक गोलसर, गुळगुळीत उंचवटा नाव मागे टाकून कालव्यातून एकटाच पुढे निघाला. रसेल घोड्यावरून त्याच्या मागे गेला. उंचवट्याची लांबी सुमारे ३० फूट, उंची एक ते दीड फूट आणि वेग ताशी आठ-नऊ मैल होता. एक-दोन मैल गेल्यावर कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला. 'एकाकी तरंगा'ची विज्ञानातील ही पहिली नोंद होय.

घोड्याच्या कोड्याचे उत्तर याच आकड्यात आहे. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला एक कमाल मर्यादा असते. खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढले की ती मिळते. खोली दीड मीटर धरली तर ९.८ गुणिले १.५ म्हणजे १४.७, त्याचे वर्गमूळ सुमारे ३.८. म्हणजे सेकंदाला ३.८ मीटर किंवा ताशी साधारण १४ किलोमीटर. रसेलने मोजलेले आठ-नऊ मैलही एवढेच भरतात. नाव या वेगाच्या जवळ आली की तिची स्वतःची लाट तिच्यापुढे भिंतीसारखी साचते. ही मर्यादा ओलांडली की आडव्या लाटांना नावेबरोबर राहताच येत नाही. त्या उमटायच्या थांबतात आणि तेवढा खर्च वाचतो.

यातून तुलनेचा पहिला धडा मिळतो. नाव तीच, पण पाण्याची खोली बदलली की माग बदलतो.

हंस आणि डोमकावळा

रसेलने आपल्या निरीक्षणांवरून जहाजाच्या आकाराचा एक सिद्धांत मांडला. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेसारख्या अंतर्वक्र रेषेत निमुळती होत जावी, म्हणजे ती पाणी हळुवारपणे बाजूला सारील, असे त्याचे म्हणणे होते. रसेलचा दबदबा मोठा होता. ब्रुनेलचे 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज त्याच्याच गोदीत बांधले गेले आणि १८५८ साली पाण्यात उतरले. याच जहाजाने पुढे १८७० साली मुंबई ते एडन ही तारायंत्राची केबल समुद्रतळाशी टाकली.

ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेवर काम केलेला विल्यम फ्रूड (१८१० ते १८७९) हा अभियंता मात्र रसेलच्या सिद्धांताने समाधानी नव्हता. त्याने १८६७ साली डेव्हन परगण्यातील डार्ट नदीवर एक साधा पण विचारपूर्वक आखलेला प्रयोग केला. त्याने दोन आकारांच्या प्रतिकृती केल्या. एकीचे नाव 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा. तिची टोके रसेलच्या पद्धतीप्रमाणे धारदार होती. दुसरीचे नाव 'स्वॉन', म्हणजे हंस. तिची टोके पाणपक्ष्याच्या छातीसारखी भरीव व गोलसर होती. प्रत्येक आकाराच्या ३ फूट, ६ फूट आणि १२ फूट लांबीच्या तीन प्रतिकृती होत्या. वाफेच्या बोटीने त्या ओढायच्या आणि ओढायला किती बल लागते ते मोजायचे, असा बेत होता.

मग जिंकले कोण? कमी वेगाला डोमकावळा आणि जास्त वेगाला हंस! म्हणजे 'कोणता आकार चांगला?' या प्रश्नाला वेग सांगितल्याशिवाय उत्तरच नव्हते.

दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा होता. एकाच आकाराच्या लहान व मोठ्या प्रतिकृती एकाच वेगाने ओढल्या तर त्यांचे माग वेगळे दिसत. पण वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवले की दोन्ही माग हुबेहूब सारखे दिसत. जणू एकाच छायाचित्राची लहान आणि मोठी प्रत. १२ फुटी प्रतिकृती ३ फुटीच्या चौपट लांब असेल तर तिला दुप्पट वेग द्यायचा. फ्रूडने यांना 'अनुरूप वेग' मानले. वेगाला, गुरुत्वत्वरण व लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले असता जी संख्या मिळते, तिला आज आपण 'फ्रूड अंक' म्हणतो. या अंकाला कोणतेही एकक नाही. दोन सारख्या आकाराच्या नावांचा फ्रूड अंक सारखा असेल तरच त्यांच्या मागांची तुलना न्याय्य होते.

फ्रूडच्या हे लक्षात आले होते की पाण्याचे घर्षण हा नियम पाळत नाही. म्हणून त्याने घर्षणाचा हिशेब फळ्या ओढून वेगळा केला आणि उरलेला विरोध, जो मुख्यतः लाटांचा असतो, तेवढाच या नियमाने मोठ्या जहाजापर्यंत नेला. प्रतिकृतींच्या प्रयोगांनी काही साधेल यावर तेव्हाच्या अनेक जाणत्यांचा विश्वास नव्हता आणि रसेलने तर त्यांची उघड टिंगल केली. तरीही ब्रिटिश नौदलाने १८७० साली दोन हजार पौंड मंजूर केले. टॉर्की येथे आपल्या घराजवळ फ्रूडने २७८ फूट लांबीचा हौद बांधला आणि १८७२ साली त्यात प्रयोग सुरू झाले. हौदावरून रुळांवर धावणारा गाडा आणि त्याखाली पॅराफिन मेणाची प्रतिकृती अशी ही रचना होती. आज जगभर असलेले जहाजांचे चाचणी-हौद याच घराण्यातले आहेत.

नियमाची खरी परीक्षा प्रत्यक्ष जहाजावरच व्हायची होती. त्यासाठी १८७१ साली 'ग्रेहाऊंड' हे युद्धनौकेचे धूड 'अ‍ॅक्टिव्ह' या दुसऱ्या जहाजाने ओढून ओढीचे बल मोजले गेले. प्रतिकृती एक-सोळांश मापाची होती. १६ चे वर्गमूळ ४, म्हणून जहाजाच्या १० नॉट वेगाला प्रतिकृतीचा वेग अडीच नॉट. प्रतिकृतीवरून बांधलेले अंदाज आणि समुद्रावरची मापे चांगली जुळली. मेणाच्या खेळण्याने खऱ्या जहाजाचे भाकीत केले होते.

लाटेच्या खळग्यात अडकलेली नाव

वर्गमूळ कोठून आले, हे विद्यार्थी नक्की विचारतील. खोल पाण्यात लांब लाट जलद जाते. लाटेचा वेग (सेकंदाला मीटर) हा तरंगलांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाच्या १.२५ पट असतो. १ मीटर लांबीची लाट सेकंदाला १.२५ मीटर जाते, ४ मीटरची २.५ मीटर आणि १६ मीटरची ५ मीटर. नावेबरोबर जी आडवी लाट टिकून राहते तिचा वेग नावेइतकाच असतो. म्हणून नावेचा वेग ठरला की आडव्या लाटेची लांबी ठरली.

आता ६.४ मीटर लांबीची एक नाव घ्या. वेकबोर्डिंगच्या पुष्कळ नावा साधारण एवढ्याच असतात. वेग सेकंदाला सुमारे ३.२ मीटर (ताशी ११.४ किलोमीटर) झाला की लाटेची लांबी नावेइतकी होते. एक शिखर नाळेपाशी आणि दुसरे मागच्या टोकापाशी, अशा दोन शिखरांवर नाव टेकलेली असते. वेग आणखी वाढवला की दुसरे शिखर मागे सरकते आणि नावेचा मागचा भाग खळग्यात बसतो. आता नाव स्वतःच्याच लाटेचा चढ चढत असते. फ्रूड अंक ०.४ पासून ०.६ पर्यंतचा हा पट्टा सर्वांत खर्चाचा. पुरेसे इंजिन असेल तर नाव तो ओलांडते. मग तळावर आदळणाऱ्या पाण्याचा दाबच तिला वर उचलतो, ती पाण्यावर घसरू लागते आणि माग पुन्हा लहान होतो.

जहाजबांधणीचा पुढचा बराच इतिहास हा चढ टाळण्याचा किंवा सौम्य करण्याचा आहे. ऑस्ट्रेलियातील गणिती जॉन हेन्री मिशेल याने १८९८ साली अरुंद जहाजाच्या लाटांमुळे होणारा विरोध केवळ आकारावरून काढण्याचे सूत्र दिले. पण ते कित्येक वर्षे कोणी फारसे पाहिलेच नाही. अमेरिकेत डेव्हिड टेलर याने नाळेखाली पाण्यात गोलसर फुगवटा ठेवण्याची युक्ती काढली आणि १९१० साली 'डेलावेअर' ही युद्धनौका तशा नाळेसह नौदलात दाखल झाली. फुगवटा आपली वेगळी लाट उमटवतो. तिचा खळगा नाळेच्या लाटेच्या शिखरावर बसवला की दोन्ही लाटा एकमेकींना पुष्कळशा पुसून टाकतात. आज मोठ्या मालवाहू जहाजांना असा फुगवटा सर्रास दिसतो. मात्र तोही एका ठरावीक वेगालाच चांगला चालतो. हंस आणि डोमकावळ्याचा धडा येथेही चुकत नाही.

कंपासपेटीतला केल्विन

मागाच्या पंख्याचा कोन हा आणखी एक मोहक विषय. लॉर्ड केल्विन यांना 'लल्ला रूख' या स्वतःच्या शिडाच्या जहाजामुळे पाण्याच्या लाटा जवळून पाहायला मिळत. १८८७ साली एडिंबरो येथे यंत्र अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी दाखवून दिले की, खोल पाण्यात मागाची कड नावेच्या मार्गाशी १९ अंश २८ मिनिटांचा कोन करते. नाव लहान असो वा मोठी, हळू जावो वा जलद, कोन तोच! त्यांचे गणित अवघड आहे, पण उत्तर कंपासपेटीने काढता येते.

त्यासाठी एकच गोष्ट माहीत असावी लागते. तळ्यात दगड टाका आणि वर्तुळाकार लाटांचा पट्टा नीट पाहा. पट्ट्याच्या मागच्या कडेला नवी शिखरे जन्मतात, पट्ट्यातून पुढे पळतात आणि पुढच्या कडेला विरून जातात. म्हणजे शिखरांपेक्षा पट्टा सावकाश जातो. खोल पाण्यात त्याचा वेग शिखराच्या बरोबर निम्मा असतो, आणि ऊर्जा पट्ट्याबरोबर जाते. रसेलने १८४४ साली या सावकाशीचा उल्लेख केला होता. स्टोक्स यांनी १८७६ साली केंब्रिजच्या एका परीक्षेत त्यावर प्रश्न घातला, आणि १८७७ साली रेनॉल्ड्स व रॅले यांनी ऊर्जेशी त्याचा संबंध स्पष्ट केला.

आता १२ सेंटिमीटरची अब ही रेघ काढा. नाव अ पासून ब पर्यंत आली आहे. अ पाशी उमटलेल्या लाटा सर्व दिशांना निघाल्या. पण नावेच्या सोबत स्थिर दिसणारा माग त्याच लाटांचा बनतो, ज्यांचा वेग नावेच्या वेगाच्या त्या दिशेतील घटकाइतका आहे. अशा शिखरांची पोहोच अब व्यासाच्या वर्तुळावर असते (अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे प्रमेय आठवावे). परंतु ऊर्जा निम्म्याच अंतरावर पोहोचली आहे. म्हणून अ पासून ब च्या दिशेने ३ सेंटिमीटरवर केंद्र घेऊन ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्र ब पासून ९ सेंटिमीटरवर आहे. ब मधून या वर्तुळाला स्पर्शिका काढा. तिचा अब शी जो कोन होतो त्याचे साइन ३ भागिले ९, म्हणजे एक-तृतीयांश. कोष्टकात पाहा : १९ अंश २८ मिनिटे! ब पासून ८ सेंटिमीटरवरचा वाटेतला बिंदू घेतला तर त्रिज्या २ आणि केंद्राचे ब पासूनचे अंतर ६; भागाकार पुन्हा तोच. सगळी वर्तुळे एकाच स्पर्शिकेला टेकतात. तीच मागाची कड.

या कोनात नावेची लांबी, वजन, वेग काहीच नाही. त्यामुळे मागाच्या कडेचा कोन पाहून दोन नावांची तुलना करता येत नाही असे सव्वाशे वर्षे मानले गेले. उथळ पाण्यात मात्र तो बदलतो, हे हॅवलॉक यांनी १९०८ साली दाखवले होते.

२०१३ साली फ्रान्समधील मार्क रबो आणि फ्रेदेरिक म्वाझी या दोघांनी आकाशातून घेतलेल्या प्रतिमांवरून अनेक जहाजांचे माग मोजले. फ्रूड अंक साधारण ०.५ च्या पुढे गेला की माग केल्विनच्या कोनापेक्षा अरुंद दिसतो आणि वेग वाढेल तसा आणखी अरुंद होतो, असे त्यांना आढळले. मग केल्विन चुकले काय? नाही. पुढच्याच वर्षी अलेक्सांद्र दार्मों, मिकाएल बेंझाकें आणि एली राफाएल यांनी उलगडा केला. केल्विनची कड जागच्या जागीच असते, परंतु सर्वांत उंच लाटा कडेवर न राहता आत सरकतात. आणि डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला दिसतात त्या उंच लाटाच. छोट्या नावेला फार लांब लाटा जोमाने उठवता येत नाहीत, हे त्याचे कारण. आपली ६.४ मीटरची नाव सेकंदाला १० मीटर वेगाने गेली तर तिच्या आडव्या लाटेची लांबी ६४ मीटर, नावेच्या दहापट होईल! ती जवळजवळ उमटतच नाही. उरतात त्या बाजूला फाकणाऱ्या आखूड लाटा.

माग विकत घेणारे

एवढ्या तयारीनंतर खेळाच्या नावांकडे पाहू. ६.४ मीटरची तीच नाव धरली तर तीन खेळांचे तीन वेग तीन निरनिराळ्या फ्रूड अंकांवर येतात. वॉटर स्कीइंगचा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर, फ्रूड अंक २. नाव पाण्यावर घसरते आहे, माग बसका आणि अरुंद. वेकबोर्डिंग ताशी सुमारे ३६ किलोमीटर, फ्रूड अंक सव्वा. फाकणाऱ्या लाटा ठळक, झेप घेण्यास योग्य. वेकसर्फिंग ताशी सुमारे १८ किलोमीटर, फ्रूड अंक ०.६ च्या किंचित वर. म्हणजे नाव त्या खर्चाच्या चढावरच मुद्दाम धरून ठेवलेली. साधी मोटारबोट वेग घेताना हा चढ काही सेकंदांत पार करते. वेकसर्फिंगची नाव त्यावरच तासन्तास चालते.

वेगाखेरीज आणखी दोन युक्त्या असतात. शिडाच्या गलबतात स्थैर्यासाठी जसे नीरम, म्हणजे तळातले वजन, घालतात, तशा या नावांत टाक्या व पिशव्या भरून एक-दोन टन पाणी घेतात. नाव जितकी खाली बसेल तितके अधिक पाणी तिला बाजूला सारावे लागते. काही नावांना मागे पाण्यात एक तिरपा पंख असतो. विमानाचा पंख वर उचलतो. हा नावेला खाली दाबतो. वेकसर्फिंगसाठी मागच्या एका बाजूला छोटी पट्टी बाहेर काढून दोन बाजूंचे पाणी एकत्र येण्याची वेळ बदलतात, म्हणजे एका बाजूची लाट स्वच्छ आणि उंच राहते. फ्रूडने टाळायला शिकवलेली प्रत्येक गोष्ट येथे हौसेने केली जाते!

तेव्हा 'या नावेचा माग त्या नावेपेक्षा मोठा' असे कोणी म्हटले की विचारावे : कोणत्या वेगाला, किती नीरम भरून, पंख खाली की वर, नावेत माणसे किती? एकाच नावेचे दोन दिवसांचे माग दोन नावांच्या मागांपेक्षा अधिक वेगळे असू शकतात.

काठावरची तुलना

काठच्या रहिवाशाला मात्र वेगळी तुलना हवी असते. त्याला सारख्या फ्रूड अंकाशी कर्तव्य नाही. नावा नेहमी जशा चालवल्या जातात तशा चालवल्यावर काठावर काय पोहोचते, हा त्याचा प्रश्न. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२० च्या शरद ऋतूत एका सरोवरावर चार नावांची, दोन वेकसर्फिंगच्या व दोन साध्या, अशी मोजणी केली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. प्रत्येक नाव आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालवली असता, १०० फुटांवर वेकसर्फिंगच्या नावांची सर्वांत उंच लाट साध्या नावांच्या दोन ते तीनपट भरली. लाटांची एकूण ऊर्जा ३ ते ९ पट आणि कमाल शक्ती ६ ते १२ पट होती. उंची आणि ऊर्जा यांच्या आकड्यांतील हा फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यासारखा आहे. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दुप्पट-तिप्पट उंचीचे चौपट-नऊपट होते.

साध्या नावेची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली येण्यासाठी वेकसर्फिंगच्या नावेच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असाही त्या अहवालाचा निष्कर्ष होता. याचे मूळ केल्विनच्या चित्रातच आहे. पंख्याच्या आतल्या लाटा अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात, पण कडेवरच्या लाटा केवळ घनमुळाच्या प्रमाणात. म्हणजे निव्वळ पसरण्याचा विचार केला तर कडेची लाट निम्मी होण्यासाठी आठपट अंतर जावे लागते. काठ जवळ असला की लाटेला विरायला वावच मिळत नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियम केला की हे खेळ काठापासून किमान ५०० फूट दूर, किमान २० फूट खोल आणि सलग ५० एकर तरी जागा मिळेल तेथेच व्हावेत. अंतर, खोली, विस्तार ही तीनही मापे आपल्या या हकिगतीत येऊन गेलेलीच आहेत.

वर्गात काय करता येईल?

लाकडाचे दोन ठोकळे नावेच्या आकारात तासून घ्यावेत. एक २५ सेंटिमीटर लांब, दुसरा १ मीटर. रुंदी आणि उंचीही चौपट हवी. शांत पाण्याचा खोल हौद किंवा शेततळे चालेल, मात्र काठावर मोठे माणूस बरोबर हवे. लहान ठोकळा सेकंदाला ६० सेंटिमीटर आणि मोठा सेकंदाला १२० सेंटिमीटर वेगाने दोरीने ओढावा. अंतर मोजून व घड्याळ लावून एवढे सहज साधते. दोन्ही ठोकळ्यांच्या बाजूने पाहिले तर एक शिखर नाळेशी आणि दुसरे मागच्या टोकाच्या थोडे अलीकडे, असे सारखेच चित्र दिसेल. मग दोन्ही एकाच वेगाने ओढून पाहावेत आणि चित्रे कशी बिघडतात ते मुलांनी वहीत काढावे.

या प्रयोगाआधी मुलांना 'कोणत्या ठोकळ्याचा माग मोठा?' असे विचारावे. बहुतेक जण लगेच उत्तर देतील. प्रयोगानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. आता एखादा विद्यार्थी उत्तर न देता उलट विचारील, 'सर, कोणत्या वेगाला?' फ्रूडने डार्ट नदीवर नेमके हेच विचारले होते.